जिभेवरची वानगी

माझा जन्म नाशिकचा, यात माझा काहीही अपराध नाही. पण लातूरला नोकरी लागल्यावर ज्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्या अप्पांना हे पहिल्याच दिवशी कळलं आणि पुढच्या सहा वर्षांतले माझे रविवार गेले. मी तिथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला आले होते. सामानाचा टेम्पो अजून दारात उभा होता, माझ्या दोन्ही हातांत भांड्यांची खोकी होती, आणि पांढऱ्याशुभ्र धोतरातला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, सत्तरीकडे झुकलेला हा माणूस मला विचारत होता, "नाशिकच्या म्हंजे वाइनीतलं कळतच असंल की तुमाला."

मी सांगितलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझे वडील सरकारी छापखान्यात कारकून होते. आमच्याकडे द्राक्षं यायची ती कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून, तीसुद्धा संध्याकाळी, भाव उतरल्यावर.

"हाव, हाव," अप्पा मान डोलवत म्हणाले. "जाणकार मानूस असंच म्हनतो."

पुढे वडील मला भेटायला आले तेव्हा अप्पांनी त्यांना दोन तास बसवून घेऊन चौकशी केली. वडिलांनी हात जोडले, शपथ घेतली, शेवटी डोकं दुखतंय म्हणून वर येऊन पडले. अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचे वडील पक्के आहेत, काही म्हणजे काही सुटू देत नाहीत. या माणसाला एकदा काही वाटलं की ते तसंच असायचं. त्याला पुरावा लागत नसे, आणि उलटा पुरावा दिला तर तो त्यांना जास्तच आवडायचा.

अप्पांचं आडत दुकान होतं आणि लातूरच्या बाजारात तुरीवर त्यांचा शब्द चालायचा. मूठभर तूर उचलायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं की ही काळ्या रानातली आहे, फुलोऱ्यात पाऊस लागलाय आणि महिनाभर पत्र्याखाली पडून आहे. ते 'पसंत' म्हणाले की खरेदीदार दुसरं पोतं उघडून बघत नसे. ही त्यांची खरी कमाई, आणि ती त्यांना माहीत होती.

तर असा हा माणूस एकदा डाळीच्या सौद्यासाठी हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात गेला. मॅनेजरची वाट बघत बसलेला असताना शेजारच्या टेबलावर एका पाहुण्याने बाटली उघडायला लावली, पेल्यात नाक घातलं आणि एक थेंबही न पिता ती परत पाठवली. मॅनेजर धावत आला, माफी मागितली, दुसरी बाटली आणली. अप्पांनी हे मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडावर तोच अचंबा. "आमी माल परत करायचा म्हनलं तर पोतं फोडतो, ढीग पसरतो, भांडतो. ह्या गड्यानं नुस्तं नाक लावलं, मॅडम. नाक."

त्या दिवसापासून त्यांना हे वेड लागलं. तेही साधंसुधं नाही. वीस वर्षांची, तीस वर्षांची, फ्रान्सची, इटलीची, पोर्तुगालची; एकाच बागेची दोन वेगवेगळ्या सालांची, म्हणजे ताडून बघता येईल अशी. हैदराबादच्या त्याच हॉटेलातला एक माणूस त्यांना बाटल्या मिळवून द्यायचा. त्यांच्या स्वतःच्या शेतात यंदा काय पेरलंय हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, विचारावं लागायचं, पण फ्रान्समध्ये कुठल्या साली ऐन काढणीत पाऊस झाला ते अप्पांना तोंडपाठ होतं.

आणि हा माणूस पीत नव्हता. गळ्यात लिंग धारण केलेलं आहे, पोटात दारू जाणार नाही, हे त्यांनी लहानपणी आईला सांगितलं होतं आणि ते शब्दशः पाळत होते. घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा, डोळे मिटायचे, नाकातून श्वास सोडायचा आणि पितळी पिकदाणीत थुंकून टाकायचं. "घशाखाली गेली की ती दारू," ते म्हणायचे. "जिभेवर हाय तवर ती वानगी." वानगी म्हणजे पोत्यातून काढलेला मूठभर नमुना. वानगी चाखण्यात कसलं पाप, हा त्यांचा मुद्दा. लोकांना शंका येऊ नये म्हणून पिकदाणीशेजारी पानाचा डबा ठेवलेला असे. लाल थुंकणारा म्हातारा आमच्याकडे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. गल्लीत सगळे म्हणायचे, अप्पांना पानाची फार सवय, दात कसे राहिलेत कोण जाणे.

घरात एसी एकच होता आणि तो बाटल्यांना होता. लातूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. काकू कूलरसमोर ओला पदर डोक्यावर घेऊन बसायच्या आणि मागच्या खोलीत फ्रान्स गारेगार पडलेला असायचा. काकूंच्या माहेरची उदगीरकडे एक आमराई होती, वडिलांनी लेकीला दिलेली. कागद मात्र अप्पांच्या नावावर. दर उन्हाळ्यात तिथले आंबे यायचे आणि काकू गवतात आढी लावायच्या. एका वर्षी त्यांनी ती आढी चुकून गार खोलीत लावली. अप्पांनी दोन दिवस बोलणं टाकलं. आंब्याचा वास बाटल्यांच्या बुचांत शिरतो म्हणे. मी सांगितलं की मेणाने बंद केलेल्या बुचातून आंबा आत जात नाही. तर म्हणाले, "तुमी शिकवता ते पुस्तकातलं हाय."

रविवारी दुपारी चार वाजता चाखणी. त्या दिवशी सकाळपासून मला डोक्याला तेल लावायची बंदी, उदबत्तीची बंदी, पावडरची बंदी. एकदा मी विसरून वरणाला लसणाची फोडणी दिली. अप्पा जिना चढून आले, दारात उभे राहिले आणि खरोखर दुःखी आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या लसनानं माझ्या फ्रान्सचा सत्यानास केला." मी भाडं देत होते. मला माझ्या स्वयंपाकघरात फोडणी देता येत नव्हती. घर बदलायचं मी दर सोमवारी ठरवायची.

नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, टँकर आला की आम्ही पिंप भरून ठेवायचो. आणि या माणसाला दोन घोटांच्या मध्ये तोंड खळखळून धुवायला तांब्याभर पाणी, पेले विसळायला दोन तांबे. गाळ असलेली जुनी बाटली असेल तर ती गाळायला काकूंचं चक्का बांधायचं धुवट फडकं, मग ते फडकं धुवायला आणखी एक तांब्या. रंग बघायचा म्हणून पेला मांडीवरच्या धोतरावर तिरका धरायचे आणि हमखास सांडायचे. जांभळे डाग काकू लिंबाने घासत बसायच्या. त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. चिडायचे ते मीच.

चव कशी लागली ते वहीत मी लिहायचं. अप्पा डोळे मिटून सांगत. ही वाइन वळचणीला भिजलेल्या सुतळीच्या तोड्याची. हिच्यात विभूतीचा कोरडेपणा. हिला गुळाच्या कढईची खरवड लागली, पण मागून हरभऱ्याची आंब येते. एकदा म्हणाले, माहूरच्या डोंगरातलं, झाडावर उकललेलं सीताफळ. मी विचारलं, द्राक्षाची चव येते का कुठे. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

आता खरी कटकट सांगते. दोघांनी चाखायचं, आणि गुण द्यायचे ते बोलून नाही. बोललं की दुसऱ्याची जीभ बिघडते. पूर्वी बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्या आणि खरेदीदार हात हातात घेत, वर रुमाल टाकत आणि बोटं दाबून भाव सांगत. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. आता बाजारात सगळं मोठ्याने पुकारून होतं, पण अप्पांना रुमालच पाहिजे. पाच बोटं म्हणजे उत्तम, एक म्हणजे भुसा, नुसती मूठ म्हणजे माल परत. आणि रुमालाखालचं रुमालाखालीच राहायचं, मागाहून कुणी कुणाला आकडा विचारायचा नाही, हा बाजाराचा नेम.

आता माझा हात अप्पा हातात कसा घेणार? परक्या बाईचा हात. मला वाटलं, सुटले. पण त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. त्यांचा उजवा हात अप्पांच्या हातात, डावा माझ्या हातात, दोन्हींवर एकेक रुमाल. अप्पा त्यांची बोटं काकूंना देणार, मी माझी काकूंना देणार, आणि काकू इकडची तिकडे पोचवणार. सहा वर्षं आम्ही तिघं दर रविवारी अशी बसलो. कुणी बाहेरचा आला असता तर त्याला वाटलं असतं, घरात काहीतरी विपरीत घडलंय.

मला चवीतलं काही कळत नव्हतं, हे मी वर सांगितलंच आहे. मी मनाला येईल ती बोटं द्यायची. कंटाळा आला असेल तर एक, कॉलेजात पगार झाला असेल तर चार. आणि तरी अप्पांचा माझ्यावरचा विश्वास वाढतच चालला होता. हैदराबादच्या माणसाला फोनवर सांगायचे, "मॅडमची जबान लाखात एक. माझी आन् त्यांची बोटं बराबर जुळतेत." मला वाटायचं योगायोग आहे. त्यांनी किती गुण दिलेत ते काकूंच्या बोटांवरून मला कळायचं, पण मी तिकडे कधी लक्ष दिलं नाही. मी घड्याळाकडे बघत असायची.

सहाव्या वर्षी, होळीच्या सुमाराला, हैदराबादच्या माणसाचा फोन आला. देगलूरकडच्या एका जुन्या जहागीरदाराच्या घराचं तळघर उघडलं होतं, त्यात पोर्तुगालच्या बारा बाटल्या सापडल्या, साठ वर्षांपूर्वीच्या. वारसांना त्या एकत्रच द्यायच्या होत्या. वानगी म्हणून एक बाटली अप्पांना पाठवतो म्हणाला. पसंत पडली तर उरलेल्या अकरा अप्पांच्या.

किंमत ऐकून कुणीही फोन ठेवला असता. अप्पांनी उदगीरला फोन लावला. आमराईला लागून प्लॉटिंग पडलं होतं आणि त्या बिल्डरने कधीपासून मागणी घातली होती. अप्पा अंगणात उभे राहून मोठ्याने बोलत होते: झाडं तोडा, ठेवा, तुमचं तुमी बघा, रविवारी वानगी चाखतो आन् सोमवारी सांगतो. काकू तिथेच ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. अप्पांनी फोन ठेवला आणि चहा मागितला. काकूंनी चहा केला.

मी काकूंना म्हटलं, "तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलू बाई," त्या म्हणाल्या. "कागद त्यांच्या नावावर हाय."

मी अप्पांनाही बोलले. झाडं काकूंच्या वडिलांनी लावलीत, असं म्हटलं. ते म्हणाले, "माल पसंत पडला तर ना, मॅडम. आधी वानगी तर बघू. तुमी बराबर न्याय करताल, मला खात्री हाय."

म्हणजे आमराई राहणार की जाणार, ते एका बाटलीवर आणि माझ्या बोटांवर येऊन ठेपलं. मी ठरवून टाकलं की मूठ द्यायची. विषयच संपला.

रविवारी चार वाजता बाटली उघडली. बूच भुगा होऊन आलं, काकूंच्या फडक्यातून गाळून घेतलं. रंग काळपट, उजेडाकडे धरला की विटेसारखा. मी घोट घेतला. मला हे लिहितानाही लाज वाटते. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात काहीतरी घडलं. आधी गोड, मग भाजलेल्या अक्रोडासारखं, मग संत्र्याची वाळलेली साल, मग पुन्हा गोड पण वेगळं. मी पिकदाणीपर्यंत गेले आणि थुंकायचं विसरले. गिळलं. परत येऊन बसले. काकूंचा हात माझ्या हातात होता आणि मी त्यांची पाचही बोटं एकेक करून दाबली.

आमराई मला आठवायला हवी होती. आठवली नाही. अप्पांची बोटं न घेताच हात सोडला, तेव्हा आठवली.

काकूंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी दुसऱ्या रुमालाखाली अप्पांना बोटं दिली. अप्पांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "वही मिटा, मॅडम." आत जाऊन हैदराबादला फोन केला आणि माल पसंत नाही म्हणून सांगितलं. मला इतकं हायसं वाटलं की मी कारणही विचारलं नाही. अप्पांनाच आवडली नसेल, असं धरून मी वर निघून गेले. जाताना मला त्यांचा थोडा रागही आला. इतकी चांगली चीज आणि यांना कळू नये.

पुढच्या रविवारी चाखणी झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मनसोक्त फोडण्या दिल्या. मग एक दिवस एसीचा आवाज बंद झाला. अप्पांनी उरलेल्या बाटल्या हैदराबादच्या माणसाला परत पाठवून दिल्या. दुकानात जाऊन बसायचे, पण तुरीची मूठ समोर आली की शेजारच्या आडत्याकडे सरकवायचे. बघा, तुमीच बघा. चाळीस वर्षं ज्याचा शब्द चालला तो माणूस. घरी ताटावर बसले की घास तोंडात धरून काकूंना विचारायचे, हे अळणी आहे की मलाच तसं लागतंय. मला त्यांच्या त्या रविवारांचा वैताग होता, अगदी खरा वैताग होता. पण हे बघवत नव्हतं.

जूनमध्ये एकदा मी खाली गेले तेव्हा काकू ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. अप्पा खुर्चीत बसले होते. मी सरळ विचारलं, "अप्पा, तुम्ही चाखणी का सोडली?"

"बाजाराचा नेम मोडतो, मॅडम, पण सांगतो," ते म्हणाले. "त्या देगलूरच्या वानगीला मला पाच लागली व्हती. जन्मात असलं काही जिभेवर आलं नव्हतं. आन् तुमी दिले दोन. सहा वर्सं आपली बोटं जुळली, आन् नेमकी तितंच तीन बोटांची तफावत. तुमची तर जबान चुकत न्हाई. म्हंजे माझीच गेली. वय झालं. गेलेल्या जिभेनं बाजारात लोकांचा माल कसा पारखावा?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंच्या हातातली सुरी थांबलेली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बोलू नका असंही खुणावलं नाही. मी गप्प राहिले असते तर आमराई पक्की सुरक्षित होती आणि माझ्यापुढे रोज हा माणूस अळणी की खारट ते विचारत बसणार होता.

"अप्पा," मी म्हटलं, "मी पाच दिले होते."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. फार वेळ लागला नाही त्यांना. आडत्याच ते. "अगं," ते म्हणाले, "मॅडमनी किती दिले व्हते?"

"पाच," काकू म्हणाल्या.

"आन् ह्याच्या आधी? सहा वर्सं बोटं जुळत व्हती ती?"

"त्या देत व्हत्या काहीबी. तुमाला वाईट वाटंल म्हनून तुमची तुमालाच परत देत व्हते. कवा एक कमी, कवा एक जास्ती."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अप्पांनी मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांचा सौदा आता माझ्याशी नव्हता.

"मग त्या दिवशी दोन खोटे दिलेस."

"खोटे न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "ते माझे व्हते. सहा वर्सं तुमची ह्यांना दिली, तुमचीच तुमाला दिली. मधी बसलेल्या बाईला किती लागले, ते कुनी इचारलं न्हाई. म्हनून एक डाव माझे दिले."

अप्पा खुर्चीत मागे टेकले. ओसरीवर कैऱ्यांचा आंबट वास भरून राहिला होता, आणि पहिल्यांदाच त्या वासावर त्यांनी तक्रार केली नाही. त्या अकरा बाटल्या केव्हाच दुसऱ्या कुणीतरी नेल्या होत्या, आता काही होण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आडत्याची शंका होती.

"तू तर चाखलीबी न्हाईस."

"फडक्यानं गाळली तवा वास आला की."

"बरं. आन् आमराई वाचवायची व्हती तर मग सरळ मूठ द्यायची. माल परत. मला कळलं असतं. दोन कशाला दिलेस?"

काकूंनी पुढची कैरी उचलली.

"वास चांगला व्हता," त्या म्हणाल्या.